ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

मला आलेल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. एका कौटुंबिक न्यासाला मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तीन वर्षं दरसाल ठरावीक रक्कम द्यायची आहे. समोर तीन पर्याय आहेत: फडावर (ऊसतोड चालते तिथे) फिरती शाळा, गावात मुलांची राहण्याची सोय, किंवा दप्तरं, वह्या, ब्लँकेटं यांचं वाटप. शिवाय एक शंका आहे. इतक्या योजना आल्या, तरी दर दिवाळीनंतर तीच कुटुंबं त्याच ट्रकमध्ये संसार भरून का निघतात?

मी बीड जिल्ह्याच्या बालाघाट पट्ट्यात, शिरूर कासार, पाटोदा, धारूर या बाजूला बरीच वर्षं या लोकांबरोबर काम करते. माझं उत्तर असं: मुलांच्या, त्यातही मुलींच्या, गावातच राहण्याच्या सोयीवर पैसे घाला. पण एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा बाजूला काढून तो कामगारांचा हिशेब लिहिणाऱ्या माणसांच्या पगारावर खर्च करा. टन किती तोडले, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती होती, त्यातली किती फिटली, एवढाच हिशेब. हे ऐकून विश्वस्त मंडळी जरा हिरमुसतात, कारण यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं. म्हणून कारण नीट सांगते.

ऊसतोडीत मजुरी काम झाल्यावर मिळत नाही, आधी मिळते. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, मुकादम गावात उचल वाटतो. पेरणीचं कर्ज, दवाखाना, मुलीचं लग्न, घराची अर्धी राहिलेली भिंत, अशी गरज तेव्हाच दारात उभी असते. जोडीला हल्ली लाख-दीड लाख उचल मिळते, काहींना त्याहून जास्त. ‘जोडी’ म्हणजे नवरा-बायको. फडात त्यांना मिळून एक कोयता मोजतात. एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला अर्धा कोयता धरतात आणि त्याला टोळीत जोडीदार शोधावा लागतो. विधवा आणि टाकून दिलेल्या बायकांची पहिली अडचण इथूनच सुरू होते.

आता ही उचल फिटते कशी ते पाहा. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ (साखर कारखान्यांचा संघ) आणि कामगार संघटनांच्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. आधी तो २७३-२७४ च्या घरात होता. ही वाढ संघटनांनी भांडून मिळवली, तिला कमी लेखू नका. ऊस वाहून नेण्याची पद्धत आणि अंतर यांनुसार दर थोडा हलतो, तो सोडून देऊ. चांगल्या फडात, चांगल्या तब्येतीची जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टन धरा: ७३२ रुपये, दोघांचे मिळून, पहाटे चारपासून अंधार पडेपर्यंतचे. रात्री-अपरात्री ट्रक आला तर तो भरायचं काम यातच. एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही दिवस न चुकता १३७ दिवस. आणि या दिवसांत खायचं काय? त्यासाठी मुकादमाकडून आठवड्याची खर्ची घ्यायची, ती पुन्हा उचलीत मिळवली जाते. शिवाय हंगाम आखूड होत चालला आहे. पाऊस कमी झाला की ऊस कमी, कारखाने वाढले की तोच ऊस लवकर संपतो. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की फिटली नाही ती रक्कम पुढच्या सालावर जाते. तिला ‘बाकी’ म्हणतात आणि ती बाकी दरवर्षी माणसाच्या आधी ट्रकमध्ये चढून बसलेली असते.

त्यावर खाडा. आजारी पडलात, पोर तापलं, पाळी आली म्हणून एक दिवस फडात गेला नाहीत, तर पाचशे ते हजार रुपये दंड. जोडीतलं एक जण बसलं तरी कोयता बंद, म्हणून दंड पूर्ण जोडीला. आजारी पडल्याबद्दल मजुराने पैसे भरायचे, असा रोजगार दुसरीकडे सहसा सापडणार नाही.

या सगळ्याची नोंद मात्र कामगाराकडे नसते, आणि माझ्या मते घोळाचं मूळ इथे आहे. ऊस कारखान्याच्या काट्यावर चढतो तेव्हा पावती निघते. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, वाहनाचा नंबर असतो, वजन असतं. तोडणाऱ्याचं नाव नसतं. बैलगाडीवाला स्वतः गाडी घेऊन काट्यावर जातो, त्यामुळे त्याला वजन डोळ्यांनी दिसतं. पण ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत बारा-पंधरा कोयत्यांनी तोडलेला माल एकत्र जातो, पावती ड्रायव्हर किंवा मुकादमाच्या खिशात जाते, आणि कोणाच्या वाट्याला किती टन आले ते मुकादमाची वही सांगते. काटामारीच्या, म्हणजे वजन कमी दाखवल्याच्या, तक्रारी निघाल्या की भरारी पथकं नेमली जातात, पण त्यात शेतकऱ्याचं नुकसान मोजलं जातं. त्याच काट्यात तोडणाऱ्याचे टनही कमी होतात, हे कुणी बोलत नाही.

मग मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, मी पैसे मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, मीही टोळीतलाच, माझ्याच गावची माणसं. शेतकरी म्हणतो, मी तर पैसे भरलेत, आणि ते खरं असतं: उसाच्या एफआरपीतून (सरकारने ठरवलेल्या किमान दरातून) कारखाना तोडणी-वाहतूक कापून घेतो, अनेक ठिकाणी टनामागे सातशे-आठशेच्या पुढे. त्यातून तोडणाऱ्याला ३६६ मिळतात आणि मुकादमाला त्यावर वीस टक्के कमिशन. म्हणजे दर कारखान्यांच्या संघाने ठरवायचा, पैसे कारखान्याने कापायचे, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याच्या शेतकी खात्याने लावायचा, आणि मजूर मात्र कारखान्याचा नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, कर्मचारी राज्य विमा नाही, हजेरीपट नाही. कामगारांची संख्यासुद्धा आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत कुणीही काहीही सांगतो, कारण पट ठेवायची जबाबदारी अंगावर येईल असा कुणी मालकच कागदावर नाही.

मुकादमाला खलनायक करून मोकळं होऊ नका, एवढं मात्र सांगते. बहुतेक मुकादम काल-परवापर्यंत स्वतः कोयता धरणारे आहेत. ठेकेदाराकडून पंधरा-वीस लाख उचलताना त्यांनी कोरे धनादेश आणि सही केलेले स्टँप पेपर देऊन ठेवलेले असतात. दोन जोड्या दुसऱ्याकडून उचल घेऊन तिकडे गेल्या, तर यांची जमीन जाते. फसवणुकीचे गुन्हे मुकादमांवर दाखल होतात, आणि मग वसुलीसाठी माणसं उचलून नेणं, बायकोला किंवा पोरांना डांबून ठेवणं असे प्रकार घडतात. ठाण्यात तक्रार गेली की पहिला सवाल असतो, ‘पैसे घेतले होते का?’ घेतले होते म्हटलं की प्रकरण ‘आपसातलं देणं-घेणं’ होऊन जातं. कायदा नेमका उलटं सांगतो. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा १९७६ चा कायदा उचलीच्या बदल्यात माणसाचं जाणं-येणं आणि दुसरीकडे काम करणं अडवलं तर त्याला वेठबिगारी म्हणतो, ते कर्ज संपलं असं मानतो (कलम ६), आणि हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायचा भार सावकारावर टाकतो (कलम १५). सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकाम मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी, असं म्हटलं. वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र मिळालं तर २०१६ च्या केंद्रीय योजनेतून पुनर्वसनाचे एक ते तीन लाख रुपये मिळू शकतात. पण हे सगळं मिळवायला तहसीलदारासमोर किंवा प्रांतासमोर काय ठेवायचं? तोंडी हकीकत एका बाजूला, मुकादमाची वही आणि अंगठा दुसऱ्या बाजूला. भार कायद्याने सावकारावर असला, तरी कचेरीत तो मजुराच्याच डोक्यावर येतो.

म्हणून हिशेब लिहिणारी माणसं हवीत. गावातली बारावी-पदवी झालेली मुलं-मुली, शक्यतो ऊसतोड्यांच्याच घरातली. प्रत्येक तीन-चार गावांना एक. उचल वाटली जाते तेव्हा जोडीच्या नावाने साधी वही सुरू करायची: तारीख, रक्कम, कुणी दिली, साक्षीला कोण. हंगामात आठवड्याला एकदा फोन किंवा व्हॉट्सॲपवर काट्याच्या पावतीचा फोटो, त्या दिवशी टोळीत किती कोयते होते, खर्ची किती घेतली, खाडे किती लावले. पट्टा पडल्यावर मुकादमाच्या वहीशी ताळा. सुरुवातीला मुकादम चिडतात. पुढे त्यांच्यातले बरेच जण निवळतात, कारण ठेकेदाराशी हिशेब बसवताना त्यांनाही हीच नोंद लागते. फरक निघाला तर प्रत्येक वेळी भांडायला जाऊ नका. लिहिणारा कुणी आहे एवढं कळलं तरी ‘बाकी’चे आकडे फुगायचे थांबतात, असा माझा अनुभव आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात मुलं कुठे आली?

मुलीचं उदाहरण घ्या. सातवी-आठवीतली मुलगी. आई-बाप सहा महिने सांगली-कोल्हापूरला किंवा सीमेपलीकडे बेळगावकडे. घरी म्हातारी आजी. मुलाला आजीपाशी ठेवायला कुणी कचरत नाही, मुलीला ठेवायला धजत नाही. फडावर न्यावी तर कोपीत (तिथल्या झोपडीत) दाराला कडी नाही, अंगावर छप्पर पाचटाचं, रात्री ट्रक भरायला आई-बाप गेले की ती एकटी. मग सरळ उपाय उरतो तो लग्नाचा. लग्नाला पैसे मुकादमाच्या उचलीतून येतात, आणि ते फेडायला नवं जोडपं पुढच्या हंगामात नवा कोयता म्हणून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याची सरासरी २२ च्या जवळ आहे. याला नुसती रूढी म्हणून प्रबोधनाचे फलक लावत बसलात तर पैसे वाया जातील. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवक असतो, १०९८ वर फोनही करता येतो, आणि लग्न थांबतंही. पण थांबवल्यावर ती मुलगी नोव्हेंबरमध्ये कुठे राहणार, याचं उत्तर तयार नसेल तर तेच लग्न महिनाभराने दुसऱ्या गावात लागतं.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचंही असंच. २०१९ मध्ये हा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तेव्हाच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बातम्यांत बराच भर डॉक्टरांच्या लोभावर होता, आणि ‘पिशवीला गाठ आहे, कॅन्सर होईल’ असं घाबरवणारे खासगी दवाखाने होतेच. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आल्यावर त्याला आळाही बसला. पण बाईच्या बाजूने पाहा. लहान वयात लग्न, विशीच्या आसपास दोन-तीन बाळंतपणं, सहा महिने उघड्यावर सगळे विधी, पाण्यासाठी शेतातली मोटर चालू होण्याची वाट पाहायची, पांढरं जाणं अंगावर काढायचं, आणि पाळीत बसलं तर खाडा. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच. परवानगीच्या अटीने शस्त्रक्रिया कमी झाल्या, पाठ-कंबर आणि अंगावरून जाणं तसंच राहिलं.

तर आता तुमच्या पर्यायांकडे.

फिरती शाळा नको. पूर्वी साखरशाळा, म्हणजे या मुलांसाठी हंगामापुरत्या भरणाऱ्या शाळा, होत्या, काही संस्थांनी जीव ओतून चालवल्या. पण टोळी एका फडावर आठ-दहा दिवस, मग पुढच्या गावाला. शिक्षणहक्क कायद्यानंतर मूल जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवायचं असं धोरण आलं आणि साखरशाळा बहुतांशी बंद पडल्या. शिक्षण हमी कार्ड घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं हे खरं, पण फडापासून शाळा लांब असते, आणि दहा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार या प्रश्नाने कोपीत अडकवलेलं असतं. फडावर काही करायचंच तर सहा वर्षांच्या आतल्या पोरांसाठी पाळणाघर करा. ट्रॅक्टरच्या चाकाखाली, पाण्याच्या हौदात, पेटत्या पाचटात सापडतात ती त्याच वयाची पोरं. यासाठी कारखान्याकडे जागा आणि पाणी मागा. ते देऊ शकतात, आणि मागितल्यावर काही देतातही.

राहण्याची सोय मात्र करा, पण नवीन इमारत बांधू नका. शासनाची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांची आणि मुलींची वेगळी. जिथे ती सुरू आहेत तिथे मुलं तिकडे पोचवा. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेखाली हंगामी वसतिगृहंही आहेत. त्यांत मूल गावातच आजी-नातेवाइकाकडे राहतं आणि दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं. कल्पना उत्तम, अडचण वेळेची. कुटुंबं दसरा-दिवाळीत निघतात, मंजुरी आणि निधी बऱ्याचदा त्यानंतर येतो. आई-बाप पुढच्या महिन्यात काहीतरी होईल या भरवशावर पोर मागे ठेवत नाहीत. तुम्ही फक्त हे मधलं अंतर भरा: दसऱ्यापासून सरकारी निधी येईपर्यंतचं जेवण, मुलींसाठी रात्री मुक्कामाला गावातल्याच दोन बायका, त्यांना नियमित मानधन, आणि शाळेच्या एका खोलीला कडी-कोयंडा, दिवा, चालू संडास. शाळा व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्या, पण पैसे तिच्या खात्यावर टाकून निर्धास्त राहू नका. कागदावर मुलं जास्त आणि ताटावर कमी असल्याच्या तक्रारी या योजनेत झालेल्या आहेत. तुमचा हिशेबवाला त्याच गावात असतो, त्याने संध्याकाळी ताटं मोजावीत.

रेशनबद्दल थोडं. महाराष्ट्राचं रेशनकार्ड गुजरातेत आणि तिकडचं इकडे चालणं ऑगस्ट २०१९ पासून सुरू झालं, आता देशभर कुठेही धान्य उचलता येतं. फडावर मात्र फारच थोडे उचलतात. दुकान उघडं असतं तेव्हा माणूस उसात असतो, आणि कोयत्याने चिरलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. घरी राहिलेल्या आजीला कार्डातलं आपल्या वाट्याचं धान्य गावात घेता येतं, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त सांगावं लागतं.

हार्वेस्टर आल्यावर हा प्रश्नच उरणार नाही, असंही तुमच्या पत्रात कुणीतरी लिहिलं आहे. यंत्रं येतायत, सरकारी अनुदानही आहे. पण लहान तुकडे, ओल्या जमिनी, आडवा पडलेला ऊस यांत ते चालत नाही, त्यामुळे कोयता लगेच जात नाही. आणि जाईल तेव्हा मोठी उचल अंगावर असलेली जोडी कामाविना गावात बसेल. बालाघाटाच्या उतारावरच्या दोन-तीन एकर कोरडवाहूत तिचं भागणार नाही. त्या दिवशी ‘हा माणूस इतकी वर्षं ऊस तोडत होता’ याचा पुरावा लागेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच राज्याकडून, अशी त्याची रचना. त्यातून जे काही मिळेल ते नोंद असलेल्याला मिळेल. ग्रामसेवकाकडून ओळखपत्र काढून देणं हेही म्हणून हिशेबवाल्याच्याच कामात धरा, आणि बाईचं ओळखपत्र वेगळं काढा. जोडीचं एक काढलं की नाव नवऱ्याचं लागतं.

वेळापत्रक सांगायचं तर जूनमध्ये माणसं नेमा, म्हणजे उचल वाटताना ती गावात असतील. गणपतीच्या सुमारास घरोघर जाऊन कोण मूल मागे राहू शकतं ते ठरवा. एप्रिलमध्ये टोळ्या परततात तेव्हा ताळा. पहिल्या वर्षी दहा-बारा गावांपेक्षा जास्त घेऊ नका. वर्षाअखेरी मला दोन आकडे कळवा, त्यांवरून पुढचं बोलू: दिवाळीला पटावर असलेल्या मुलींपैकी किती जणी होळीला वर्गात होत्या, आणि किती जोड्यांची बाकी गेल्या सालापेक्षा कमी झाली.

वाटपाचं म्हणाल तर ब्लँकेटं बरेच लोक वाटतात, जानेवारीत एकेका कोपीत तीन-तीन असतात. द्यायचंच असेल तर डोक्याला बांधायची बॅटरी, जाड ताडपत्री, पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन आणि बायकांसाठी घोट्याच्या वर येणारे बूट द्या, आणि ते निघायच्या आधी गावातच द्या.